नाव घेऊन विचारा

"समजलं का?"

ऑनलाइन वर्गात सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात कमी कामाचा प्रश्न हा. पडद्यावर पन्नासेक नावं दिसताहेत. सर अर्धा तास बोललेत. मग विचारतात, "समजलं का?" दोन सेकंद कोणीच बोलत नाही. मग एक पोरगा माइक उघडतो, "सर, आवाज तुटायलाय." सर म्हणतात, "बरं, चला पुढं." आणि सर पुढे जातात. एकटेच.

कोणी म्हणेल, कोरोनातला विषय आता कशाला? कारण तो संपलेला नाही. पावसाने झोडपलं आणि शाळेला सुट्टी लागली की ग्रुपवर लिंक येते. नीटची तयारी करणारी आपल्या परभणी जिल्ह्यातल्या सेलू-जिंतूरची पोरं रात्री फोनवरच शिकतात. पोलीस भरतीची बॅच फोनवर, स्पर्धा परीक्षेची फोनवर, खुद्द शिक्षकांची कितीतरी प्रशिक्षणंही फोनवर. वर्ग फोनवर गेला तो गेलाच. शिकवण्याची रीत मात्र फळ्यापुढचीच राहिली. ती बदलायची तयारी नसेल तर लिंक पाठवू नका, मुलाला त्या वेळात खेळू द्या. त्याचं नुकसान कमी होईल.

जिंतूर तालुक्यात माझे एक मित्र गणित शिकवतात. 15 जून 2020 ला शैक्षणिक वर्ष सुरू झालं तेव्हा शाळेला कुलूप होतं. सरांनी उत्साहाने रोज सकाळी अकराला वर्ग लावला. पहिल्या दिवशी पाव वर्ग आला, आठवडाभरात तोही गळाला. पोरांना शिकायचंच नाही, असं त्यांचं मत झालं. मग एका सकाळी मोटारसायकल काढून ते गावात घरोघर गेले. पहिल्या घरी सातवीतली मुलगी भांडी घासत होती. "फोन कुठाय?" "पप्पानं शेतात नेलाय." दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी फोन होता, पण तो मोठ्या भावाच्या हातात, आणि भावाची बॅच चालू. चौथ्या घरी आजी म्हणाली, "आमच्यात बटनाचाच हाय, गुरुजी."

सरांनी त्याच दिवशी अकराचा वर्ग बंद केला. रात्री आठला पाच मिनिटांचा आवाजी निरोप सुरू केला. शेतातून फोन घरी आलेला असतो ती ही वेळ. निरोपाच्या शेवटी एक प्रश्न. उत्तरही मुलाने स्वतःच्या आवाजात पाठवायचं. ज्या घरात बटणाचा फोन, तिथे सर स्वतः फोन लावणार. एवढीच योजना. तिला ना प्रकल्पाचं नाव होतं ना अहवाल, पण वर्ग परत आला.

ही गोष्ट एका गावाची नाही. 22 जुलै 2020 ला राज्य सरकारने ऑनलाइन वर्गाच्या वेळा ठरवून दिल्या. पहिली-दुसरीला 30 मिनिटांची दोन सत्रं, तिसरी ते आठवीला 45 मिनिटांची दोन, नववी ते बारावीला 45 मिनिटांची चार. मुलांच्या डोळ्यांची काळजी घेतली हे चांगलंच झालं. पण किती मिनिटं हे ठरवताना त्या मिनिटांना फोन कुठे असेल, हा प्रश्न राहून गेला. शिक्षणाची स्थिती तपासणाऱ्या 'असर'च्या पाहणीत ग्रामीण भारताचं जे चित्र आलं ते असं: 2018 मध्ये शाळेतल्या 36.5 टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, 2020 मध्ये 61.8 टक्के आणि 2021 मध्ये 67.6 टक्के. वाढ मोठी आहे. पण 2021 च्या त्याच पाहणीत हेही आलं की घरी फोन असलेल्या मुलांपैकी 26.1 टक्के मुलांना तो हाताळायलाच मिळत नव्हता. आणि 2020 च्या पाहणीत प्रत्यक्ष ऑनलाइन वर्ग मिळत होता तो फक्त 11 टक्के मुलांना. ज्यांना काही ना काही अभ्यास पोचत होता त्यांतल्या बहुतेकांना तो व्हॉट्सअॅपवर पोचत होता. म्हणजे लाखो शिक्षक ज्या खिडकीत बसून शिकवत होते तिच्यासमोर मुलं नव्हती. ती दुसऱ्या दारात उभी होती.

राज्याने तेव्हा काहीच केलं नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' म्हणत रोजचा अभ्यास व्हॉट्सअॅपवर पाठवला गेला. सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' मालिका लागली. ती चांगली होती, कारण ती मुलांना घरातल्या घरात काहीतरी करायला लावायची. पण टीव्ही मुलाला उलट विचारू शकत नाही आणि त्याचं चुकलेलं उत्तर ऐकू शकत नाही. ते काम शिक्षकाचंच.

आता मिनिटांचं बोलू. पंचेचाळीस मिनिटं सलग बोलणं ही शाळेच्या घंटेची सवय आहे, फोनची नाही. एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संस्थेवर 69 लाख वेळा पाहिल्या गेलेल्या पाठांच्या नोंदी तपासून फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये दाखवलं की सहा मिनिटांच्या आतले पाठ लोक टिकून बघतात, लांबले की सोडतात. तिथले विद्यार्थी मोठे, स्वखुशीने आलेले. आपला सातवीतला पोरगा त्यांच्याहून जास्त वेळ कसा टिकेल? त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. तयार स्लाइडपेक्षा शिक्षक हाताने लिहीत, काढत समजावतो तेव्हा माणसं जास्त थांबतात. म्हणजे आपला खडू-फळा वाया गेलेला नाही. पुण्यातल्या एका रसायनशास्त्राच्या शिक्षिकेचा फोटो 2020 च्या जूनमध्ये देशभर फिरला होता. कपड्यांचं हँगर, कापडाच्या पट्ट्या आणि खुर्ची, एवढ्या सामानात त्यांनी फोन टांगला होता आणि मागे फळा होता. मुलांना आपलं लिहिणं दिसलं पाहिजे, एवढा एकच ध्यास त्या फोटोत होता. महागडं पॅनेल बसवून त्यावर पुस्तकाची पानं सरकवणाऱ्या शाळांनी तो फोटो कार्यालयात लावावा.

पाच मिनिटं शिकवा आणि विचारा. विचारलं की थांबा. हे थांबणं फार अवघड जातं, मला माहीत आहे. मेरी बड रो या अमेरिकी संशोधक बाईंनी विज्ञानाच्या वर्गांच्या ध्वनिफिती ऐकून मोजलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतो, आणि उत्तर नाही आलं तर स्वतःच बोलायला लागतो. तोच शिक्षक तीन सेकंद थांबला तर उत्तरं लांब येतात, आणि कधी न बोलणारी मुलंही बोलतात. हे समोरासमोरच्या वर्गातलं. फोनवर तर मुलाला आधी माइकचं बटण शोधायचं असतं, मग घरातल्यांना गप्प करायचं असतं, मग धीर गोळा करायचा असतो. तिथे मनात दहापर्यंत मोजा. नेट गेलं की काय, असं वाटेल. वाटू द्या.

कॅमेऱ्याचा हट्ट तर आजच सोडा. "कॅमेरा चालू कर, नाहीतर गैरहजेरी लावीन," अशी धमकी मी अनेकदा ऐकली आहे. घर एका खोलीचं आहे, वर पत्रे आहेत, मागे चूल आहे, कोपऱ्यात आजोबा खाटेवर पडलेत, आणि डेटा रोजचा दीड जीबी आहे. अशा घरातल्या मुलीने कॅमेरा का चालू करावा? अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात 2020 च्या विद्यार्थ्यांना हाच प्रश्न विचारला तेव्हा त्यांनीही हीच कारणं दिली: आपण कसे दिसतो याचा संकोच, मागे घरातली माणसं आणि घर दिसेल याची काळजी, नेटचा अशक्तपणा. तिथल्या सुखवस्तू पोरांना जो संकोच वाटतो तो आपल्या पालमच्या पोरीला वाटणार नाही का? आणि शिक्षकांच्या ऑनलाइन प्रशिक्षणांना मी हजर राहिलेलो आहे. शंभर शिक्षकांत पाच कॅमेरे चालू असतात. जे आपल्याला जमत नाही ते मुलांवर लादू नये.

मुलगा जागा आहे की नाही हे चेहऱ्यावरून कळत नाही, उत्तरावरून कळतं. म्हणून सगळ्यांना मिळून विचारू नका. नाव घेऊन विचारा. मात्र प्रश्न आधी टाका आणि नाव नंतर घ्या. नाव आधी घेतलं की बाकीचे सुटतात. आणि उत्तर चुकलं तर ते सगळ्यांसमोर सोलू नका. ऑनलाइन वर्गात झालेला अपमान रेकॉर्ड होतो, कापला जातो, दुसऱ्या दिवशी गावभर फिरतो. ज्या मुलाला हे एकदा भोगावं लागलं तो परत माइक उघडत नाही.

नाव घेण्यात किती ताकद आहे याचा पुरावा आफ्रिकेतल्या बोट्स्वानात मिळाला. कोरोनाच्या वर्षी तिथे साडेचार हजारांहून जास्त कुटुंबांत एक प्रयोग झाला. एका गटाला दर आठवड्याला एसएमएसवर गणितं पाठवली. दुसऱ्या गटाला गणितं पाठवली आणि शिवाय शिक्षकाने आठवड्यातून एकदा वीसेक मिनिटं फोन केला. तिसऱ्या गटाला काहीच नाही. 2022 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नुसत्या एसएमएसने फारसा फरक पडला नाही. फोन गेला त्या घरांतल्या मुलांचं गणित स्पष्टपणे सुधारलं. फोन साधा, बटणाचासुद्धा चालेल असा. जिंतूरच्या सरांना हे बोट्स्वानावरून कळलं नव्हतं. त्यांना ते चौथ्या घरच्या आजीने सांगितलं.

त्यांच्या एका प्रश्नाबद्दल सांगायलाच हवं. वजाबाकी आणि एककाचा पाठ होता. सरांनी रात्री निरोप पाठवला: घरातलं लाइट बिल काढा, त्यावर मागची रीडिंग आणि चालू रीडिंग शोधा, वजा करा, किती युनिट जळले ते सांगा. आवाजी उत्तरं यायला लागली. कोणाच्या मागे टीव्ही, कोणाच्या मागे म्हैस. एका मुलीने सांगितलं, "सर, आमच्या बिलावर दोन्ही आकडे एकच हायेत, तरी पैसे लावलेत. मीटर बंद हाय म्हणून सरासरीनं बिल देयलेत म्हनं मम्मी. सरासरी म्हंजे काय?" पुढच्या दिवशीचा पाठ तिने ठरवला. सरासरी. मागच्या महिन्यांचे युनिट घेऊन वर्गाने त्या घराची सरासरी काढली. आणि त्या रात्री पाठ कोणी अर्ध्यात सोडला नाही, कारण पैसे खरे होते आणि बिल खरं होतं.

ही रीत परभणीला नवी वाटू नये. 1972 मध्ये स्थापन झालेलं आपलं कृषी विद्यापीठ इथे आहे. तिथले शास्त्रज्ञ आता ऑनलाइन संवादात शेतकऱ्यांशी बोलतात. शेतकरी शेतातूनच विचारतो, सोयाबीन पिवळं पडलंय, काय फवारू? तो उत्तर संपेपर्यंत फोन खाली ठेवत नाही. त्याचं लक्ष टिकवायला कोणाला खेळ घ्यावे लागत नाहीत. प्रश्न त्याचा आहे, पीक त्याचं आहे. शाळेतला पाठही असाच मुलाच्या प्रश्नापासून सुरू करता येतो. त्यासाठी मुलाला आधी काहीतरी बघायला, मोजायला, घरी विचारायला लावावं लागतं, आणि ते लिंक उघडण्याच्या आधी.

आणि दुरून शिकवणं महाराष्ट्रालाही नवं नाही. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून हेच करतंय. पहिले कुलगुरू राम ताकवले यांनी ते उभं केलं तेव्हा ना मोबाइल होते ना नेट. तरीही नुसतं पुस्तक पोस्टाने पाठवून माणूस शिकत नाही, हे त्या विद्यापीठाला पहिल्यापासून ठाऊक होतं. म्हणून पाठात मध्येमध्ये प्रश्न घातले आणि गावोगाव अभ्यासकेंद्रं उभी केली, जिथे भेटायला माणूस होता. तीस वर्षांनी आपण हातात कॅमेरा घेतला आणि त्यातला माणूसच काढून टाकला.

आता खरं दुखणं. ऑनलाइन वर्गातून गळणारं मूल कोण असतं? गंगाखेड, पालम, सोनपेठ या भागातून दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या गाड्या निघतात. आईबापाबरोबर लेकरं जातात. हंगामी वसतिगृहं आहेत, पण सगळी लेकरं मागे राहत नाहीत. धाकटी भावंडं सांभाळायला थोरल्या बहिणीला न्यावंच लागतं. चार-सहा महिने ती फडावर, कोपीत. शाळेच्या हजेरीत ती गैरहजर. पण मुकादमाकडे फोन असतो, बापाकडे असतो, आणि कोयता रात्री थांबतो. ऑनलाइन शिक्षणाची सगळ्यात जास्त गरज ज्या मुलीला आहे ती ही. तिच्यासाठी आठवड्यातून एक फोन, वीस मिनिटं. आज तो करायची जबाबदारी कोणत्याच कागदावर कोणाची नाही.

दुसरी मुलगी गावातच असते आणि तरी गळते. ग्रुपवर ती आधी उत्तर द्यायची, मग नुसता अंगठा, मग तोही नाही. शिक्षकाला वाटतं, लक्ष नाही. घरात मात्र कदाचित तिच्या लग्नाचं बोलणं चालू असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत परभणी जिल्ह्यात 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 48 टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. राज्याचं प्रमाण 21.9 टक्के. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आपण छाती फुगवून म्हणतो. बालविवाहांच्या यादीत आपला जिल्हा राज्यात पहिला होता, हेही त्याच छातीने सोसलं पाहिजे. आणि महाराष्ट्रातली ही पाहणी 2019 ची आहे, शाळा बंद होण्याच्या आधीची. पुढे शाळा बंद असताना किती मुली बोहल्यावर उभ्या राहिल्या ते गावं जाणतात.

म्हणून मला 'विद्यार्थ्यांना गुंतवून ठेवणं' हे शब्द अपुरे वाटतात. चलचित्रं, चाचण्या, रंगीत बक्षिसांची चिन्हं, हे सगळं असू द्या, त्याला विरोध नाही. पण परभणीत एखादी पोरगी सलग तीन दिवस उत्तर देत नसेल तर तो अध्यापनाच्या तंत्राचा विषय राहत नाही. त्या दिवशी तिच्या घरी फोन गेला पाहिजे. सर विचारतायत, पोर कुठाय? हा एक प्रश्न बापाच्या कानावर पडला की घरातलं एखादं ठरलेलं बोलणं चार महिने पुढे जातं. चार महिन्यांत परीक्षा होते. परीक्षा झाली की पुढचा वर्ग दिसतो. शिक्षकाच्या फोनला गावात अजून वजन आहे, आणि ते वापरलं पाहिजे.

परीक्षेचं एकच सांगतो. 2021 मध्ये दहावीची परीक्षा रद्द झाली आणि निकाल लागला 99.95 टक्के. त्या मुलांचा दोष नव्हता. पण 31 जानेवारी 2022 ला धारावीत मुलं रस्त्यावर उतरली आणि परीक्षा ऑनलाइन घ्या म्हणून ओरडली, तेव्हा बहुतेकांनी त्यांना आळशी ठरवलं. मला ते ओरडणं वेगळं ऐकू आलं. दोन वर्षं आपल्याला कोणी काही विचारलं नाही आणि आता एकदम सगळं विचारणार आहेत, ही भीती त्यात होती. रोज एक प्रश्न ज्याला विचारला जातो त्याला परीक्षेच्या हॉलची इतकी भीती वाटत नाही.

शाळांच्या मुख्याध्यापकांना आणि संस्थाचालकांना माझं सांगणं: ऑनलाइन वर्गाच्या अहवालात 'किती जण जोडले गेले' हा रकाना काढून टाका. त्या जागी 'किती जणांनी स्वतःच्या आवाजात उत्तर दिलं' हा रकाना घाला. आकडा लहान येईल. तो खरा असेल. आणि जो शिक्षक रात्री आठला फोनवर बसतो त्याचं सकाळचं कागदी काम कमी करा. दोन्ही त्याच्याकडून मागणं हा जुलूम आहे.

शिक्षक मित्रहो, तुमच्याकडे एकच मागणं. आज वर्गाची हजेरी काढा आणि महिनाभरात ज्यांचा आवाज ऐकलेला नाही अशी पाच नावं वेगळी लिहा. आठ वाजता पहिल्या नावाला फोन लावा. तोवर फोन शेतातून घरी आलेला असतो.